विश्लेषण : जुनी फियाट किंवा जीप घरीच उभी करायची? इंजिनाआधी आरसी पुस्तक उघडा!

तुमसर तालुक्यातील चिखला, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग हा मँगनीज खाणींचा पट्टा. इथे फिटर, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियन शोधायला लांब जावे लागत नाही. बहुतेक घरांना अंगण असते, मागे पडवी किंवा गोठा असतो. जुनी मोटार स्वस्तात घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी करत ती घरीच उभी करायची, या हौसेला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी अशा गावात असतात. मोबाइलवर पंधरा मिनिटांच्या व्हिडीओत भंगारातली फियाट चकाचक होताना दिसते आणि मनात विचार येतो, आपल्यालाही जमेल. जमतेही. पण असे बेत इंजिनामुळे क्वचितच फसतात. ते फसतात कागदपत्रांमुळे, आणि रंगाखाली लपलेल्या गंजामुळे. गाडीची किंमत ठरवण्यापूर्वी या दोन गोष्टी समजून घेतल्या तर लाखभर रुपये वाचू शकतात.

‘व्हिंटेज’ कशाला म्हणायचे?

बोलताना कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हटले जाते. कायद्यात मात्र या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकीच ‘व्हिंटेज’ ठरते. आणखी एक अट आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ती या व्याख्येत बसत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे ‘फिवा’ची अट ३० वर्षांची आहे, आपल्याकडची बरीच कडक.

२०२६ मध्ये हिशेब केला तर १९७६ किंवा त्याआधी नोंदलेली गाडी हवी. म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० डिलाइट चालेल. तिचेच पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव झाले. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या गाड्या आता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. बाजारात सहज मिळणाऱ्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनी कायद्याने व्हिंटेज नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या मारुती ८०० ला तर २०३३ पर्यंत थांबावे लागेल. ‘व्हिंटेज आहे, म्हणून किंमत जास्त’ असे विकणारा सांगत असेल, तर सगळ्यात आधी पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी.

शुल्क सारखेच, वापरात मोठा फरक

व्हिंटेज म्हणून नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २० हजार रुपये आहे आणि प्रमाणपत्र १० वर्षे चालते. पुढची फेरनोंदणी ५ हजारांत होते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेली मालिका मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठीचे येणे-जाणे, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. भाड्याने तर मुळीच देता येत नाही. लग्नाच्या वरातीला गाडी देऊन खर्च काढू, असा हिशेब मांडणाऱ्यांचा तो मार्ग इथेच बंद होतो.

दुसरा रस्ता साध्या नूतनीकरणाचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी वाढवून घेता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या वाहनांचे हे शुल्क वाढवले. आता मोटारीसाठी १० हजार, दुचाकीसाठी २ हजार आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ८० हजार रुपये लागतात. म्हणजे भारतात बनलेल्या मोटारीला दहा वर्षांचा खर्च दोन्हीकडे २० हजारच. साध्या मार्गावर राज्याचा पर्यावरण कर आणि मुदत उलटून गेली असेल तर दरमहा विलंब शुल्क वेगळे. तरीही ज्याला गाडी तुमसरच्या बाजाराला, नागपूरला, रविवारी नातेवाइकांकडे न्यायची आहे, त्याच्यासाठी साधे नूतनीकरणच बरे. व्हिंटेजचा शिक्का संग्राहकांसाठी ठीक. चालवण्याची हौस असलेल्याला तो अडचणीचाच.

दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीची बातमी व्हॉट्सॲपवर सारखी फिरत असते. ती मर्यादा दिल्ली आणि परिसरासाठी आहे, महाराष्ट्रासाठी नाही. इथे गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली आणि शुल्क भरले की वयाच्या कारणावरून ती बाद होत नाही.

खाणीची जुनी जीप लिलावात मिळेल का?

खाणपट्ट्यात हा प्रश्न येणारच. चिखल्याची खाण ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीची आहे. एकेकाळी सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक कंपन्या जुन्या जीपा, अॅम्बेसेडर लिलावात काढत आणि हौशी लोक त्या घेऊन पुढे वर्षानुवर्षे चालवत. १ एप्रिल २०२३ पासून हे चित्र बदलले. केंद्र व राज्य सरकार, महापालिका, परिवहन महामंडळे आणि सार्वजनिक कंपन्या यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर आपोआप संपते. तिचे नूतनीकरण होत नाही. आधी नूतनीकरण झाले असेल तरी १५ वर्षे पूर्ण होताच ते रद्द मानले जाते. अशा गाड्यांची विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रातच लावायची आहे. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या विशेष वाहनांना तेवढी सूट आहे.

म्हणून कोणी ‘सरकारी लिलावातली जीप आहे, कागद नंतर करून देतो’ असे सांगत असेल, तर लिलावाची तारीख विचारावी. २०२३ च्या आधीच खासगी नावावर चढलेली जीप वेगळी. त्यानंतर सरकारी आवारातून भंगार म्हणून बाहेर पडलेली जीप अंगणात उभी करून तिचे फोटो काढता येतील, पण तिला नंबर मिळणार नाही.

लष्करी भंगारातून जोडलेल्या किंवा हरियाणातल्या मंडी डबवालीहून बनवून आणलेल्या उघड्या जीपांचेही तसेच. दिसायला झकास. पण चॅसी एका गाडीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचे आणि आरसी तिसऱ्याच गाडीची, असा प्रकार त्यांत आढळतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. चॅसी क्रमांक खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर तिथून निघावे. चोरीचा माल ठाऊक असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करताना माणूस थकून जातो.

आजोबांच्या नावावरची गाडी

गावाकडे सर्वाधिक गाड्या या प्रकारात मोडतात. आजोबांनी घेतलेली फियाट. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली. तीन मुलगे, दोन मुली. गाडी एका काकांच्या अंगणात. पुतण्याला ती उभी करायची आहे आणि काका ‘घेऊन जा, पैसे नको’ म्हणतात. बाहेरच्या कुणी विकत घेतली तरी अडचण तीच असते, कारण कायद्याने मालक अजून आजोबाच असतात.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ भरायचा असतो. नियमानुसार त्याची मुदत तीन महिन्यांची. ती कधीच उलटून गेलेली असते, पण म्हणून हस्तांतरण अशक्य होत नाही. मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आज फुकट देणारे काका आणि पुण्या-मुंबईतल्या आत्या गाडी चकाचक झाल्यावर काय म्हणतील, हे कोणी सांगावे? म्हणून सगळ्यांची लेखी संमती स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी घ्यावी. वारसाच्या नावे झाल्यावरच पुढची विक्री नमुना २९ आणि ३० वर होते. काही जण मृत मालकाची सही ‘जुळवून’ काम उरकतात. तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे; स्वस्त गाडीसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

चिखल्याच्या जवळच राज्याची सीमा आहे. तुमसर रोडहून निघणारा रेल्वेफाटा गोबरवाहीवरून पुढे मध्य प्रदेशातल्या तिरोडीला जातो. नातीगोती, बाजार, जमीन सगळे दोन्हीकडे पसरलेले. त्यामुळे बालाघाटच्या एमपी-५० क्रमांकाची गाडी स्वस्तात सापडणे सहज शक्य आहे. तशी गाडी एमएच-३६ करायची तर आधी बालाघाट परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८ हवा. त्यानंतर भंडाऱ्यात नवा क्रमांक आणि महाराष्ट्राचा कर. हा कर किती बसेल ते कार्यालयात आधी विचारून घ्यावे. स्वस्त गाडी इथेच महाग होते.

आरसीबाबत आणखी एक अडथळा असतो. १ जुलै १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरांचा जुना क्रमांक असतो आणि त्यांची नोंद कार्यालयातल्या जाडजूड रजिस्टरात असते. ती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढवल्याशिवाय ऑनलाइन एकही अर्ज पुढे सरकत नाही. ही जुनी नोंद चढवण्याचे काम मूळ नोंदणी कार्यालयाचे. त्यामुळे सौदा ठरवण्यापूर्वी क्रमांक ‘एम-परिवहन’ ॲपवर टाकून पाहावा. माहिती दिसली तर नोंदणीची स्थिती, मुदत आणि कर्जाचा बोजा पाहावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या बँकेचा बोजाही नोंदीवर तसाच असू शकतो आणि तो उतरवायला नमुना ३५ लागतो. माहिती दिसलीच नाही तर मूळ कार्यालयात एक चक्कर मारावी. ‘रद्द’ किंवा ‘भंगारात जमा’ असा शेरा असेल तर ती गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्यावी.

कोणती गाडी घ्यावी?

घरी काम करणाऱ्यासाठी देखणेपणापेक्षा बांधणी महत्त्वाची. जीपला खाली वेगळी चॅसी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. चार माणसे लावून बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, चॅसी घासून रंगवता येते. पत्रे सरळ असल्याने बरेचसे काम गावातल्या वेल्डरकडे होते. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे अनेक दशके त्याच घराण्यातल्या जीपा बनवल्या. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

फियाट आणि अॅम्बेसेडरला अशी वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच सगळे वजन पेलतो. म्हणूनच फियाटच्या फरशीला किंवा दारांखालच्या पट्टीला पडलेले भोक म्हणजे गाडीच्या कण्यालाच लागलेली कीड. बाहेरून नुसता रंग मारून चालत नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो. चिखल्याच्या भुयारातले मँगनीज पोलाद बनवायला जाते आणि गाडीच्या पत्र्यातही ते थोडे असतेच. पण त्याने गंज काही थांबत नाही!

असे असूनही पहिल्या गाडीसाठी पद्मिनीच्या बाजूने बोलावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरात पोहोचली. तारदेव कार्यालयात ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग, तिचे जाणकार मिस्त्री आणि तिचे भंगार हे तिन्ही राज्यात आहेत. १,०८९ सीसीचे साधे इंजिन, एक कार्ब्युरेटर, कुठेही संगणक नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचतो. अॅम्बेसेडर जड आहे, पण पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात ती मे २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचेही भाग आहेत. स्टँडर्ड हेराल्ड, जुनी हिलमन, शेव्हर्ले या गाड्या पाहताक्षणी मोह पडावा अशा. मात्र मर्यादित पैशात पहिला प्रयोग करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. एका दिव्याच्या काचेसाठी किंवा दाराच्या रबरासाठी गाडी वर्षभर उभी राहते.

भाग शोधायला मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मल्लिक बाजार आणि चेन्नईत पुदुपेट हे जुने अड्डे आहेत. नागपूरच्या मिस्त्र्यांचे या बाजारांशी संबंध असतात. फोनवर फोटो पाठवून भाग मागवण्याआधी जुना भाग हातात ठेवून माप घ्यावे, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या भागांतही फरक निघतो.

पाहायला जाताना लोहचुंबक सोबत न्यावा

दाराच्या खालच्या कडेला, चाकांवरच्या कमानीला, डिकीच्या तळाला साधा लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे आणि पुट्टीखाली बहुधा गंज. पायाखालचे रबर मॅट उचलून फरशी पाहावी. बॅटरीची बैठक आणि मागचे कमानपाटे जिथे बॉडीला जोडले जातात ती जागा टॉर्च लावून बघावी. तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत जात असेल तर भाव निम्म्यावर आणावा, नाहीतर सोडून द्यावी. गाडी बंद असली म्हणून घाबरायचे कारण नाही. इंजिन अडकलेले असले तरी लेथवर नेता येते, रिंगा, बेअरिंगा मिळतात. सडलेला सांगाडा मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.

काचा, दिवे, बंपर, हँडल, मीटर, चिन्हे हे सगळे जागेवर आहे का, हेही मोजावे. हरवलेला प्रत्येक छोटा तुकडा पुढे खिशाला चाट लावतो. पूर्ण, मळकी, बंद गाडी ही अर्धी रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा नेहमी चांगली.

दीड लाखात भागेल का?

समजा, हातात दीड लाख रुपये आहेत. तर गाडीवर पन्नास हजारांपेक्षा जास्त घालू नयेत. उरलेल्या लाखातून नूतनीकरणाचे १० हजार, पर्यावरण कर आणि असल्यास विलंब शुल्क आधी बाजूला काढावे. महाराष्ट्रात एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. चारचाकीला त्याचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. विम्याचे पाहिले तर जून २०२२ पासूनच्या दरांत १,००० ते १,५०० सीसी खासगी मोटारीचा तृतीय पक्ष हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये ठरला. पद्मिनी आणि १,४८९ सीसीची जुनी अॅम्बेसेडर या गटात येतात. जीपचे विलीज इंजिन २,१९९ सीसीचे, म्हणजे वरच्या गटातले. तिथे हप्ता ७,८९७ रुपये. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला या हप्त्यात ५० टक्के सूट आहे.

त्यानंतर ब्रेक, टायर, वायरिंग आणि पत्राकाम. यांत कंजुषी करता येत नाही. राहिलेल्या पैशात इंजिन. रंग आणि सीट कव्हर सगळ्यात शेवटी; पैसे संपले तर पुढच्या वर्षी. बहुतेक जण उलटे करतात. आधी रंग लावतात, मग वेल्डिंगसाठी तोच रंग जाळतात.

बांधलेली गाडी विकून नफा होईल, ही आशा मात्र सोडावी. घरी केलेल्या कामाचे तास धरले तर साध्या पद्मिनीत पैसे निघत नाहीत. हौस म्हणून हा खर्च झेपत असेल तरच त्यात पडावे.

सुरुवात ब्रेकपासून

अनेक वर्षे उभी असलेली गाडी घरी आणली की पहिला हात बॅटरीकडे आणि चावीकडे जातो. तोच चुकीचा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. सुकलेल्या रिंगांवर स्टार्टर मारला तर सिलिंडरला चरे पडतात. जुने पेट्रोल उपसून टाकी काढून ठेवावी. वेल्डिंगचे काम असेल तर टाकी गाडीतून बाहेर काढणे अनिवार्य आहे. ‘रिकामी आहे’ म्हणून ठेवलेली टाकीच जास्त धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. गाडीचा पातळ पत्रा जोडायला रॉडच्या साध्या वेल्डिंगपेक्षा गॅरेजमधले सीओटू वेल्डिंग चांगले. रॉडने पत्राच जळतो.

गाडी चालू होण्याआधी थांबली पाहिजे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर, चाकांतले व्हील सिलिंडर, रबरी नळ्या आणि ऑइल सरसकट बदलावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. जुना रंग घासतानाही मास्क लावून, पाणी मारून घासावे, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते. अंगणात मुले खेळत असतील तर हे काम दुसरीकडे करावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. लाकडाचे भक्कम ठोकळे किंवा स्टँड लावल्यानंतरच खाली जावे. विटा लावू नयेत, त्या फुटतात.

टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचे टायर नागपूरच्या रस्त्यावर उन्हाळ्यात चालवू नयेत.

तपासणीसाठी गाडी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात न्यावी लागते. नोंदणीची मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी चालवत तुमसरवरून नेणे म्हणजे दंडाला आमंत्रण. टेम्पोवर चढवून किंवा टोइंगने न्यावी आणि तो खर्च आधीच धरावा. कार्ब्युरेटर नीट जुळवला असेल तर पीयूसीची अडचण येत नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

२० टक्के इथेनॉल जुन्या इंजिनाला चालेल?

पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. इंधनाच्या नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो, टाकीतला गंज सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो. उपाय महाग नाही. इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या, पंपाचा नवा पडदा आणि एक फिल्टर बसवावा. नळ्या बदलल्या नाहीत तर गळती गरम इंजिनावर होते, आणि जुन्या गाड्या पेटण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीतले पेट्रोल काढून ठेवावे.

विजेवर चालणारे इंजिन बसवून घेण्याचा पर्याय काहींना सुचतो. त्यासाठी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेने मान्य केलेले किट लागते आणि मूळ इंजिन गेल्याने व्हिंटेज नोंदणीचा हक्क जातो. मर्यादित पैशांत हा मार्ग बसत नाही.

पावसाळा आला आणि काम अर्धवट असेल तर

भंडारा धानाचा जिल्हा. चार महिने पाऊस आणि दमट हवा. उघडा पडलेला पत्रा एका पावसात लाल होतो, म्हणून घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर मारावा. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर आतली ओल बाहेर जात नाही आणि गाडी उघड्यावर ठेवल्याइतकीच सडते. छपराखाली, ठोकळ्यांवर, वारा खेळेल अशी ठेवावी. गोठ्यात जनावरांसोबत ठेवू नये. शेण-मुताच्या वाफेने धातू खराब होतो. धानाची पोती जवळ असतील तर उंदीर येतात आणि नवी वायरिंग एका रात्रीत कुरतडतात. बॉनेटखाली महिन्यातून दोनदा तरी डोकावावे.

एकाच वेळी सगळी गाडी सुटी करण्याचा मोह मोठा असतो. एका चाकाचा ब्रेक पूर्ण करून मगच दुसऱ्याला हात घालणारा माणूस वर्षभरात गाडी चालवतो. सगळे बोल्ट एका डब्यात टाकणाऱ्याला पुढे कुठला बोल्ट कुठला हेच कळत नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि पिशवीवर चिठ्ठी, एवढे केले तरी निम्मा त्रास वाचतो.

तरीही गाडी पूर्ण होत नसेल तर तिला अंगणात सडू देण्यात फायदा नाही. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीपेक्षा कमी भावात जाते, म्हणून विकायची झाल्यास आधी निदान जोडून ठेवावी. घेणारा मिळाला तर नमुना २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. पुढचे चलन आणि अपघाताची जबाबदारी आरसीवरच्या नावाकडेच येते. भंगारात द्यायची तर गल्लीतल्या कबाड्याला वजनावर देण्यापेक्षा नोंदणीकृत भंगार केंद्रात जमा करून ठेव प्रमाणपत्र घ्यावे. त्यानंतरच परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द होते.